हातभर अंतराचा उजेड

पडले मी स्टुलावरून, आणि घरात चर्चा झाली ती माझ्या वयाची.

कोलकात्यातल्या बागबाजारात एका मासिमांकडे हे घडलं. मासिमा म्हणजे बंगालीत मावशी; या सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांचा स्वयंपाकघरातला पंखा मधूनच थांबायचा, आणि कुणीतरी माझा नंबर दिला म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. मेन स्विच बंद करून मी स्टुलावर चढून माळ्याखालच्या जंक्शन बॉक्सपर्यंत पोहोचले. भर दुपारी तिथे काळोख. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. झाकण काढून आत डोकावले तोच बॅटरी विझली. अशा वेळी आपण सगळे करतो तेच मी केलं, मांडीवर आपटली. ती भपकन पेटली ती थेट माझ्या डोळ्यांत. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं, स्टुलाची कड पायाखालून निसटली आणि मी ओट्याला घासून जमिनीवर.

मासिमांनी बर्फ आणला, मनगटाला फडकं गुंडाळलं आणि मला बसवून गरम दूध दिलं. मी मराठी हे कळल्यापासून त्या मला बर्गी म्हणायच्या. मराठा स्वारांना इथे बर्गी म्हणतात, आणि आमच्या लोकांच्या धास्तीने इथे खणलेला जुना मराठा खंदक त्यांच्याच भागातून सुरू व्हायचा. त्या दिवशी त्या म्हणाल्या की तुमच्या पूर्वजांना अडवायला आम्हाला एवढा खंदक खणावा लागला, आणि तू एका स्टुलावरून पडलीस. दुखत असतानाही मला हसू आलं. राहिलेलं काम मनगट बरं झालं की येऊन करेन म्हणाले, तर त्यांनी "नाही आलीस तरी चालेल" असं म्हटलं नाही. "सकाळी ये, तेव्हा माझी पूजा आटोपलेली असते," एवढंच म्हणाल्या. त्या वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे, कारण घरी पोहोचल्यावर जे ऐकावं लागलं ते अगदी उलट होतं.

माझा नवरा बँकेत अधिकारी. मी त्यांना 'हे' म्हणते, तेच इथेही म्हणेन. यांनी माझं मनगट पाहिलं, डॉक्टरकडे नेलं, क्रेप बँडेज बांधून आणलं, चहा करून दिला आणि मग म्हणाले की आता पुरे झालं. या वयात हाडं मोडली तर जुळत नाहीत. मुलगी सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसातून आली, तिनेही तेच सांगितलं. तिचं कॉलेज इथेच झालं, त्यामुळे रागावली की तिच्या मराठीत निम्मं बंगाली येतं. तिच्या मते आईने मिस्त्रीकाम करणं छंद म्हणून ठीक होतं, पण छंदासाठी कुणी हातपाय मोडून घेत नाही.

मी दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग टेबलावर ती बॅटरी ठेवली.

"माझा हात चुकला नाही," मी म्हणाले. "उजेड चुकला. मी उजेड बदलणार आहे, काम नाही."

ती बॅटरी यांचीच होती. मागच्या गावाहून बदली झाली तेव्हा शाखेतल्या लोकांनी निरोप समारंभात दिलेली, मखमली अस्तराच्या डबीतली, चकचकीत. तिचा उजेड निळसर पांढरा, मध्ये एक जळजळीत ठिपका आणि भोवती काहीच नाही. त्या ठिपक्यात पाहिलं की डोळे दिपत, बाजूला पाहिलं की अंधार. शिवाय तिच्याखाली लाल वायर तपकिरी दिसे, आणि हिरवी नि काळी यांतला फरक कळण्यासाठी नाक लावावं लागे. मी तिच्यावर इतके महिने काम केलं याचं मलाच नवल वाटतं. घरात आहे ती वस्तू वापरायची, आपल्यासाठी वेगळी घ्यायची नाही, ही सवय बाईच्या हाडात किती खोल असते ते अशा वेळी कळतं.

छंद हा शब्द मात्र मला लागला. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असे आणि मागाची मोटर जळली की अख्ख्या घराचं तोंड उतरे. त्या मोटरी उघडून बसणाऱ्या माणसांकडे बघत मी वाढले आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. वर्गात आम्ही मुली अगदी मोजक्या. लग्न झालं, मग बदल्या सुरू झाल्या. रायपूर, भोपाळ, मध्ये दोन लहान गावं, मग कोलकाता. प्रत्येक गावात मी घर लावलं, पडदे शिवले, मुलीच्या शाळेसाठी खेटे घातले आणि गावाशी ओळख होता होता खोकी बांधली. डिप्लोमाचं प्रमाणपत्र दर वेळी खोक्याच्या तळाशी.

इथे सॉल्ट लेकमध्ये शेजारच्या बाईंचा गीझर बिघडला. त्या एकट्या होत्या, आणि आलेला मिस्त्री त्यांच्याशी ज्या सुरात बोलत होता तो मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. तो गेल्यावर मी जाऊन गीझर उघडला. तिथून सुरुवात. एकट्या बायका, म्हातारी जोडपी, परगावी मुलं असलेले आईबाप, यांच्यात माझा नंबर फिरू लागला. रीतसर परीक्षा देऊन मी वायरिंगचा परवानाही काढला. कॅनव्हासची पिशवी घेतली, तिच्यात टेस्टर, पक्कड, मीटर, टेप. एवढं सगळं झाल्यावर पोटच्या मुलीने त्याला छंद म्हणावं.

मनगट जरा सुटं झाल्यावर मी चांदनीला निघाले. विजेचं सामान म्हटलं की या शहरात चांदनीच्या गल्ल्या. हे म्हणाले मी येतो. मी नको म्हणाले नाही, पण आधीच सांगून ठेवलं की मध्ये बोलायचं नाही. जाण्याआधी मी एक तयारी केली होती. वायरींचे बोटभर तुकडे कापून रुमालात बांधले होते: लाल, तपकिरी, नारिंगी, काळा, निळा, हिरवा, आणि जुन्या घरातला एक मळकट, ज्याचा मूळ रंग कोणता हे ओळखणं हीच परीक्षा.

पहिल्याच दुकानात घोळ झाला. आमच्या घरी टॉर्चला बॅटरीच म्हणतात, तोच शब्द माझ्या तोंडून गेला, आणि दुकानदाराने घड्याळाचे सेल पुढे ठेवले. मग टॉर्च म्हटल्यावर त्याने एक गुलाबी, लिपस्टिकएवढी काढली. लेडीज पर्समध्ये मावते, म्हणाला. मी दुकानाबाहेर पडले. दुसऱ्या दुकानात एकाने अर्धा किलोमीटर उजेड जातो म्हणून एक जाडजूड नळकांडं दाखवलं आणि ते माझ्याऐवजी यांच्या हातात दिलं. घरासाठी पाहिजे की गाडीसाठी, हेही त्याने यांनाच विचारलं. हे गप्प. मला दिलेला शब्द पाळत होते बिचारे, पण दुकानदाराला वाटलं साहेब विचार करतायत, म्हणून तो अधिकच उत्साहाने यांना समजावू लागला.

मी ते नळकांडं यांच्या हातातून काढून घेतलं.

"दादा, मला गंगेपलीकडचं हावडा बघायचं नाही," मी बंगालीत म्हणाले. "हातभर अंतरावरचा स्क्रू बघायचाय. कामाच्या पिशवीत ठेवायला पाहिजे, आणि काम मी करते."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, बँडेज, खांद्याला पिशवी. वाईट माणूस नव्हता तो, फक्त त्याच्या दुकानात असं कुणी कधी आलं नव्हतं. मी त्याला अंधारी जागा मागितली. त्याने गोंधळून काउंटरखाली बोट दाखवलं. मी पदर खोचला, काउंटरचं झाकण उचलून आत गेले आणि खोक्यांच्या मध्ये उकिडवी बसून रुमाल उघडला. एकेक बॅटरी खाली द्या म्हणाले. त्याने दिल्या. वरून गिऱ्हाइकांचे पाय दिसत होते. कुणीतरी विचारलं खाली काय चाललंय, आणि दुकानदार म्हणाला की बौदी टॉर्च बघतायत. बंगालीत बौदी म्हणजे वहिनी. बाहेर हे फुटपाथवरच्या मोबाइलच्या कव्हरांमध्ये अचानक फार रस घेऊ लागले होते.

त्या खोक्यांमध्ये बसून मला जे कळलं ते कुठल्याही डब्यावर छापलेलं नव्हतं. बहुतेक बॅटऱ्या नुसत्या दिमाखाच्या. पेटल्या की डोळे दिपवायच्या, आणि त्यांच्यात लाल तुकडा विटकरी व्हायचा. एकीचा उजेड चांगला, पण बटण दाबलं की आधी लखलखाट, मग उघडझाप, मग कुठे मंद उजेड. अंधारात डोळे स्थिरावलेले असताना आधी लखलखाट कशाला? मला मंद उजेड पहिल्यांदा पाहिजे होता. एक गोल गुळगुळीत, स्टुलावर ठेवली तर घरंगळत गेलीच समजा. एकीचा सेल आतच कायमचा बसवलेला. तो मेला की बॅटरी फेकायची. अशी वस्तू मी पिशवीत ठेवणार नव्हते.

शेवटी कोपऱ्यातल्या खोक्यातून एक निघाली. दिसायला साधी, राखाडी, बोटाएवढी जाड, टोकाला षटकोनी, म्हणजे घरंगळणार नाही. बुडाला लोहचुंबक, बोर्डाच्या लोखंडी पेटीला चिकटवली की दोन्ही हात मोकळे. सेल काढता येणारा. पेटवली तर पिवळसर, पसरट, शांत उजेड आला. हात लांब करून तुकड्यांवर धरला. लाल लाल दिसला. तपकिरी तपकिरी. आणि तो मळकट तुकडा मी बोटाने पुसला, तर त्याच्या मळाखाली हिरवा दिसला. मी तिथेच बसून तो पुन्हा पुन्हा पाहिला.

बाहेर आले तेव्हा गुडघे धरले होते आणि केसांत जाळी अडकली होती. दुकानदार म्हणाला की ही फार दिवस पडून आहे, हिचा उजेड पिवळा म्हणून कुणी घेत नाही. मी म्हटलं, मी घेते. तिथल्या तिथे ती पेटवून तीनदा काउंटरवर आपटली, विझते का पाहायला. तो कळवळला. ती विझली नाही.

परतताना मेट्रोत यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. म्हणाले, आपल्या डबीतली दिसायला जास्त चांगली होती. मी म्हटलं, ती तुम्ही ठेवा.

दुसऱ्याच दिवशी मासिमांचा पंखा सुरू केला. जंक्शन बॉक्समध्ये एक जोड सैल होता, आणि त्याच्याभोवती तपकिरी पडलेलं आवरण मला पहिल्या नजरेत दिसलं. त्यानंतर गणपती आले, आणि त्या बॅटरीमुळे माझं सगळ्या मराठी माणसांशी वाकडं आलं.

सॉल्ट लेकमधल्या आम्हा काही मराठी कुटुंबांचा एक छोटा गणपती असतो. निम्मी कुटुंबं बदलीवर आलेली, निम्मी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. भाड्याने घेतलेला हॉल, मखर, संध्याकाळची आरती, मग मुलांचे कार्यक्रम. त्या वर्षी सजावटीला जोर आला होता. रोषणाईच्या माळा, स्टेजवर मोठे दिवे, ध्वनिक्षेपक, आणि मागच्या खोलीत कॉफीसाठी विजेचं मोठं भांडं. मी एका कामावरून थेट आले होते. पिशवी देवाजवळ नको म्हणून ती चपलांपाशी ठेवायला सांगितलं, ठेवली.

आरतीची तयारी चालू असताना मला वास आला. करपलेल्या मासळीसारखा. शेजारी बसलेल्या बाई हसून म्हणाल्या, गणपतीतसुद्धा या बंगाल्यांचे मासे सुटत नाहीत. त्यांना वाटलं वास शेजारच्या घरातून येतोय. मला तो वास लहानपणापासून माहीत होता. मागाची मोटर किंवा बोर्ड आतल्या आत तापला की अगदी असाच मासळीचा वास सुटतो, आणि इचलकरंजीत तो आला की लोक जेवणावरून उठून धावत.

मी पिशवी घेतली आणि स्टेजच्या पडद्यामागे गेले. तिथे जुना बोर्ड होता, चिनीमातीच्या फ्यूजचा. बॅटरी पेटीला चिकटवली आणि आत पाहिलं. धूळ काळी होती, पण त्या काळ्यात एक पट्टा वेगळा होता. भाजलेल्या पावासारखा तपकिरी. वायरचं आवरण फुगून फाटलं होतं आणि मागची लाकडी फळी वायरच्या रेषेत करपली होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर मखराचा कापडी पडदा लोंबत होता.

मी मेन स्विच खाली ओढला. हॉलमधून एकदम "अरे" असा आवाज आला. मग मी फ्यूज उपसले आणि पिशवीत टाकले. कुणी येऊन नुसता स्विच वर करेल, हे मला माणसांच्या ओळखीवरून माहीत होतं.

मंडळाचे अध्यक्ष मोबाइलचा उजेड घेऊन आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सगळ्यांना सांभाळून घेणारे गृहस्थ. मी त्यांना करपलेली फळी दाखवली. त्यांच्या मोबाइलच्या निळ्या उजेडात ती नुसती मळकी दिसत असणार. ते म्हणाले की इतकी वर्षं याच बोर्डावर सगळं चाललंय. उद्या मिस्त्री बोलावू, आजचा दिवस निभावून नेऊ. मी नाही म्हणाले. माळा काढतो, फक्त स्टेजचे दिवे ठेवू, असं ते म्हणाले. मी पुन्हा नाही म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला.

"वहिनी, बाहेर एवढी माणसं बसली आहेत."

"म्हणूनच फ्यूज काढलेत," मी म्हणाले.

तोवर पडद्याशी गर्दी झाली होती. कुणाची मुलगी भाड्याचा पोशाख घालून नाचासाठी सकाळपासून तयार होती, तिची आई रडवेली झाली होती. कुणी म्हणालं, प्रत्येक ठिकाणी आपलं ज्ञान दाखवलंच पाहिजे का. कुणी म्हणालं, देवाच्या कार्यात विघ्न. मी पिशवी छातीशी धरून उभी होते.

अध्यक्षांनी यांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, साहेब, तुम्ही सांगा यांना. हे पडद्याआड आले. माझ्याकडे पाहिलं, माझी बॅटरी पेटीवरून काढली, स्वतः बोर्डात डोकावले, बराच वेळ. बँकेत कर्जाचे कागद ते जसे बघतात तसे. वायरीतलं यांना काही कळत नाही, पण करपलेलं लाकूड सगळ्यांना कळतं.

"तिने काढलेत ते राहू देत," हे म्हणाले. "समया किती आहेत आपल्याकडे?"

आरती समयांवर झाली. ध्वनिक्षेपक नसल्यामुळे सगळ्यांना मोठ्याने म्हणावं लागलं. काहींनी नंतर म्हटलं की छान झाली, पण बहुतेकांनी तसं काही म्हटलं नाही. मुलांचा कार्यक्रम पुढे ढकलला. कॉफी मिळाली नाही. प्रसाद घेताना माझ्याशेजारची जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, बोर्डामागची वायर आणि फळी बदलली आणि रोषणाई निम्म्यावर आणायला लावली. फ्यूज मी सकाळीच पोचवले होते. मंडळातर्फे मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही. फक्त माझ्या पाठीमागे माझं नाव 'फ्यूजवाल्या वहिनी' पडलं. त्यातला टोमणा मला कळतो. तरी आजवर मला मिळालेल्या नावांपैकी हेच मला सर्वांत जास्त शोभतं असं मी मानते.

त्या हिवाळ्यात यांच्या बदलीचा हुकूम आला. नागपूर. निवृत्तीआधीची शेवटची जागा, महाराष्ट्रात, सगळे नातेवाईक खूश. संध्याकाळी हे मला उत्साहाने सांगत होते की नागपूरला घर मोठं मिळेल, आणि खोकी कुणाकडून आणायची. मी कणीक मळत होते. मळता मळताच सांगितलं.

"मी येत नाही."

हे हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले. मी सांगितलं की इथे माझं काम आहे, माझी माणसं आहेत, मला आता प्रमाणपत्र खोक्याच्या तळाशी घालायचं नाही. निवृत्त झालात की परत या, किंवा मी येईन, तेव्हा बघू. दर सुट्टीला मी नागपूरला येईन. पण घर हलवणार नाही.

त्यानंतर काही दिवस आमच्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. हे चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. हे दुखावले. एवढ्या वर्षांत यांनी एकटं राहून पाहिलं नव्हतं, भात कुकरमध्ये किती पाण्यात लावायचा हेही यांना माहीत नव्हतं. माझाही जीव आतून तुटत होता. कुकरच्या शिट्ट्या यांना शिकवताना मी एकदा बाथरूममध्ये जाऊन रडून आले. पण रडून आल्यावरही माझं उत्तर तेच होतं, आणि त्यावरून मला कळलं की ते खरं आहे.

मग नणंदेचा फोन आला, जावेचा आला. कुणी म्हणालं पन्नाशीनंतर बायकांना असं काहीतरी होतं. यांनी शेवटी एक तोडगा काढला. म्हणाले, आपण लोकांना सांगू की मुलीची नोकरी इथे आहे, ती एकटी कशी राहील, म्हणून तू थांबलीस. कुणी काही बोलणार नाही. खरंच कुणी बोललं नसतं. मुलीसाठी आई थांबली तर ती माउली. मी म्हटलं, असं सांगायचं नाही.

"मग काय सांगायचं?"

"आहे ते. तिचं काम आहे म्हणून थांबली."

मुलगीही त्याच रात्री जेवताना म्हणाली की माझ्यासाठी राहू नकोस हं, मी माझं बघेन. मी म्हटलं, तुझ्यासाठी राहतच नाहीये. तिचा घास हातातच राहिला. तिला जरा लागलं असावं. आपण मोकळे आहोत असं ऐकायला प्रत्येकालाच आवडतं, पण आई इतक्या सहज म्हणेल असं वाटत नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं की तुला दिवसाला किती फोन येतात. तिने माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारण्याची ही पहिली वेळ. मी सांगत गेले आणि तिचं ताट वाळेपर्यंत ती ऐकत राहिली.

हे नागपूरला गेले. सुरुवातीला रोज फोन, त्यात भाताची चौकशी. मग भात जमू लागला. एक दिवस वांग्याच्या भरताचा फोटो आला, तो मी मासिमांना दाखवला. सॉल्ट लेकमधलं घर आता माझ्या कामाच्या वेळांवर चालतं. सकाळी निघते, दुपारी कधी बागबाजार, कधी उल्टाडांगा, आणि लांबचं काम असलं तर डबा नेते. मंडळात मी जाते. जागा रिकामी राहिली तरी बसते. हल्ली क्वचित कुणीतरी कोपऱ्यात गाठून हळू आवाजात विचारतं की आमच्या घरी एका स्विचला झिणझिण्या येतात, जरा बघाल का.

यंदा दिवाळीत हे आले. भाऊबीज झाल्यावर मला गार्डन रीचला एका कामावर जायचं होतं. जहाजाच्या कामावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी, त्यांचा गीझर. हे घरी बसून काय करणार, म्हणाले मीही येतो. बसमध्ये पिशवी यांनी मांडीवर घेतली.

मी बाथरूममध्ये गीझरचं झाकण उघडून काम करत होते. बाहेर हे त्या जोडप्याशी बोलत होते. यांचं बंगाली एवढ्या वर्षांतही बाजारापुरतंच. त्या बाईंनी विचारलं की तुम्ही काय करता, यांनी नागपूर, बँक वगैरे सांगितलं. मग त्या गृहस्थांनी हळूच विचारलं, आणि या तुमच्या कोण? मदतनीस?

"आमार स्त्री मिस्त्री," हे म्हणाले.

माझी बायको मिस्त्री आहे. बंगालीत ते इतकं छान जुळलं की ते दोघे खळखळून हसले, आणि हेही हसले. ते वाक्य यांना आधीपासून सुचलेलं होतं की तिथल्या तिथे सुचलं, अभिमानाने म्हणाले की नुसती गंमत केली, हे मी यांना विचारलेलं नाही. माझा एक हात गीझरच्या आत होता आणि तोंडात दोन स्क्रू होते. मी ते एकेक करून लावले, झाकण बसवलं आणि बाहेर ओरडून सांगितलं की आता मेन चालू करा.